गाणी आधी, प्लेअर नंतर: स्वस्त म्युझिक प्लेअरबद्दलचे सात गैरसमज

एमपी३ हे तंत्र जर्मनीचंच. बव्हेरियातल्या एर्लांगनच्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते घडवलं. जुलै १९९५मध्ये तिथेच या फायलींना ‘.एमपी३’ ही शेपटी लावायचं ठरलं. आज जर्मनीतल्या दुकानांत नुसती गाणी वाजवणाऱ्या प्लेअरला जेमतेम एक कोपरा उरला आहे. तरी गिऱ्हाईक आहेच: मुलाच्या हातात इतक्यात फोन द्यायचा नाही असं ठरवलेले आईवडील, ट्राममध्ये जर्मनचे धडे ऐकणारा विद्यार्थी, लेकीकडे तीन महिन्यांसाठी आलेले आणि नाट्यगीतांवाचून करमत नसलेले आजोबा. अशांचं काम साध्या, कमी किमतीच्या प्लेअरवर छान भागतं. पैसे वाया जातात ते समजुती चुकीच्या असल्या तर.

गैरसमज १: एमपी३ आता कालबाह्य झालं.
वस्तुस्थिती: एप्रिल २०१७मध्ये फ्राउनहोफरने एमपी३च्या परवान्यांची योजना बंद केली आणि जगभर ‘एमपी३चा अंत’ अशा बातम्या छापून आल्या. प्रत्यक्षात तेव्हा मुदत संपली होती ती पेटंटची. म्हणजे हे तंत्र वापरायला कुणाला पैसे मोजावे लागेनात. एएसीसारखी नवी तंत्रं कमी जागेत जास्त चांगला आवाज देतात, हे खरं. पण कुठलाही प्लेअर हमखास वाजवणार ती फाइल आजही एमपी३चीच.

गैरसमज २: चांगला आवाज हवा तर महागडा ‘हाय-रेझ’, म्हणजे सीडीहूनही बारकाईने आवाज देणारा, प्लेअरच घ्यावा.
वस्तुस्थिती: सीडीवर दर सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट माहिती असते. १२८ किलोबिटच्या एमपी३मध्ये तिचा अकरावा हिस्सा उरतो. वगळला जातो तो भाग बहुतांशी मोठ्या आवाजाखाली दबलेला, कानाला एरवीही ऐकू न येणारा असतो. नेमकं किती वगळायचं हे ठरवताना ब्रांडेनबुर्ग यांनी गायिका सुझान वेगा यांचं ‘टॉम्स डायनर’ हे वाद्यांशिवाय गायलेलं गाणं वारंवार तपासलं, कारण एकट्या गळ्यातला दोष लगेच उघडा पडतो.

२०००मध्ये हॅनोव्हरच्या ‘सीटी’ या संगणक मासिकाने चोखंदळ श्रोत्यांना बोलावून सीडी आणि एमपी३ यांची परीक्षा घेतली. १२८ किलोबिटची फाइल श्रोत्यांनी ओळखली. २५६ किलोबिट आणि सीडी यांत मात्र त्यांना फरक करता आला नाही. तेव्हा २५६ किंवा ३२० किलोबिटच्या फायली ठेवा आणि वाचलेले पैसे चांगल्या इअरफोनवर घाला. फरक तिथे ऐकू येतो. १२८ किलोबिटची फाइल नंतर फ्लॅकमध्ये, म्हणजे काहीच न वगळणाऱ्या प्रकारात, बदलून काही साधत नाही. गेलेलं परत येत नाही, फक्त फाइल फुगते.

गैरसमज ३: जितके जास्त जीबी, तितका प्लेअर चांगला.
वस्तुस्थिती: हिशेब सोपा आहे. २५६ किलोबिटला मिनिटाला जवळपास २ एमबी लागतात. पाच मिनिटांचं गाणं १० एमबीच्या आत, चाळीस मिनिटांचा ख्याल ८० एमबीच्या आत. ८ जीबीत अशी आठेकशे गाणी मावतात. जीबीपेक्षा दोन गोष्टी आधी पाहा. पहिली, मेमरी कार्ड किती मोठं चालतं? अनेक स्वस्त प्लेअर ३२ जीबीपर्यंतचीच कार्डं वाचतात. दुसरी, बंद करून पुन्हा चालू केल्यावर तो थांबल्या जागेपासून सुरू होतो का? व्याख्यानं, कथाकथन आणि भाषेचे धडे ऐकणाऱ्याला याचं मोल फार.

गैरसमज ४: स्पॉटिफायवर उतरवलेली गाणी प्लेअरमध्ये टाकता येतील.
वस्तुस्थिती: ती गाणी कुलूपबंद असतात, फक्त त्या अॅपमध्येच उघडतात, आणि उतरवलेली टिकवायला तीस दिवसांत एकदा तरी इंटरनेटला जोडावं लागतं. ती हवीत तर वायफाय असलेला अँड्रॉइड प्लेअर घ्यावा लागतो आणि खर्च वाढतो. साध्या प्लेअरवर चालतात त्या विकत घेतलेल्या कुलूप नसलेल्या फायली, स्वतःच्या सीडींच्या प्रती आणि अधिकृतपणे मोफत मिळणारे कार्यक्रम. जर्मन शिकणाऱ्याला ‘डॉयचे वेले’च्या सावकाश वाचलेल्या बातम्या एमपी३ म्हणून उतरवता येतात.

गैरसमज ५: यंत्राच्या किमतीत आकार भरलाय, म्हणजे कुठलंही गाणं उतरवायला मोकळीक.
वस्तुस्थिती: जर्मन कॉपीराइट कायद्याच्या कलम ५४नुसार अशा उपकरणांवर कलावंतांसाठी आकार घेतला जातो, हे बरोबर. पण तो कलम ५३ने दिलेल्या खासगी प्रतीच्या सवलतीबद्दल. स्वतःच्या सीडीची स्वतःसाठी प्रत त्यात बसते. प्रतिबंधक कुलूप तोडून केलेली किंवा उघडउघड बेकायदा ठिकाणाहून घेतलेली प्रत बसत नाही. टॉरेंटवर तर गाणं उतरवता उतरवताच आपण ते इतरांना वाटत असतो. मग भरपाईच्या आकड्यासह वकिलाचं पत्र, म्हणजे ‘आबमानुंग’, घरी येतं आणि त्या रकमेत बरेच प्लेअर आले असते.

गैरसमज ६: आवाज कमी येतो, म्हणजे माल हलका.
वस्तुस्थिती: युरोपात विकल्या जाणाऱ्या प्लेअरचा आवाज सोबतच्या इअरफोनवर मुळात ८५ डेसिबलला बांधलेला असतो. इशारा वाचून मान्य केला की तो १०० डेसिबलपर्यंत वाढवता येतो. यामागे २००८चा युरोपीय शास्त्रीय समितीचा अहवाल आहे: रोज तासाभराहून जास्त वेळ मोठ्या आवाजात, निदान पाच वर्षं ऐकणाऱ्यांपैकी ५ ते १० टक्क्यांना कायमच्या बहिरेपणाचा धोका. कानात नीट बसणारे इअरफोन घेतले, तर बाहेरची खडखड अडते आणि आवाज वाढवावाच लागत नाही.

गैरसमज ७: युरोपात आता प्रत्येक उपकरणाला यूएसबी-सी असतंच.
वस्तुस्थिती: २८ डिसेंबर २०२४पासून लागू झालेल्या नियमाच्या यादीत फोन, टॅब्लेट, कॅमेरे, हेडफोन, स्पीकर आहेत, म्युझिक प्लेअर नाही. तेव्हा खोक्यावर खातरजमा करा. ‘मग जुना आयपॉडच बरा’ असं वाटेल, पण अॅपलने मे २०२२मध्ये आयपॉडची मालिका थांबवली. जुन्या आयपॉडवर फायली नुसत्या ओढून टाकता येत नाहीत, बॅटरीही थकलेली असते. त्यातून खासगी विक्रेता दोषाची जबाबदारी नाकारू शकतो. दुकानातल्या नव्या वस्तूवर मात्र कायद्याने दोन वर्षांचं संरक्षण असतं, आणि ऑनलाइन घेतली तर चौदा दिवसांत परत करता येते.

एक चाचणी मराठी घरासाठी खास. देवनागरीत नाव असलेली एक फाइल सोबत न्या आणि दुकानात परवानगी घेऊन वाजवून पाहा. पडद्यावर चौकोन दिसले, तर फाइल बिघडलेली नसते, प्लेअरमध्ये देवनागरी अक्षरं नसतात. नावं रोमन लिपीत लिहिली की प्रश्न मिटतो. पण आजोबांना नावं मराठीतच वाचायची असतील, तर तो प्लेअर कितीही स्वस्त असला तरी त्यांच्या कामाचा नाही.