शहरातील परसात कोंबड्या पाळाव्यात काय?

सन १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण भागांतील ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबई वसविण्याचे काम सुरू झाले. भातशेती गेली; परंतु घणसोली, करावे, कोपरखैरणे यांसारखी गावठाणे शहराच्या पोटात राहिली. आता अंगणाला इमारती भिडल्या आहेत. अशा वस्तीत परसातील कोंबड्यांस मुभा असावी काय, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

परसातील कोंबडी खरकटे व किडे खाऊन घरास अंडी देते आणि गृहिणीच्या हाती चार पैसे येतात. आक्षेप आहेत ते आरव, दुर्गंधी व रोग यांविषयी. अंडी मिळण्यास नराची आवश्यकता नसते. तो केवळ पिले काढण्यासाठी लागतो. म्हणून दाट वस्तीत नर ठेवू नये. खुराड्यात भाताच्या तुसाची गादी घालून ती कोरडी ठेवल्यास दुर्गंधीही सुटत नाही.

रोगाचा आक्षेप मात्र गंभीर होय. जानेवारी २०२५ मध्ये उरण तालुक्यातील चिरनेर येथे परसातील कोंबड्यांत बर्ड फ्लू आढळला. या रोगाची खात्री होताच सभोवतालच्या १ किलोमीटर परिसरातील सर्व कोंबड्या नष्ट कराव्या लागतात. निरोगी कोंबड्याही त्यातून सुटत नाहीत. रानटी पाणपक्षी हा रोग वाहून आणू शकतात आणि ठाणे खाडी तर स्थलांतरित पक्ष्यांचे आश्रयस्थान आहे. यास्तव खाडीकाठच्या वस्तीत कोंबड्या मोकळ्या न सोडता जाळीबंद आवारात ठेवणे इष्ट ठरते.

तथापि सरसकट बंदी हा उपाय नव्हे. बंदी झाल्यास कोंबड्या लपविल्या जातील, मरतूकही लपविली जाईल व रोगाची वार्ता उशिरा कळेल. त्यापेक्षा मोजक्या माद्या, त्यांची नोंद आणि मानमोडीची वेळेवर लस, या अटींवर परवानगी देणे हिताचे आहे.

कार्यकर्त्यांनी पालकांना आणखी एक गोष्ट समजावून द्यावी. शासनाने नष्ट केलेल्या पक्ष्यांबद्दल भरपाई मिळते, रोगाने आधीच मेलेल्यांबद्दल मिळत नाही. म्हणून एकाएकी मरतूक दिसताच मेलेल्या पक्ष्यास उघड्या हाताने स्पर्श न करता, तो उकिरड्यावर वा खाडीत न टाकता, त्याच दिवशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. त्यात स्वतःचे व शेजाऱ्याचेही हित आहे.