करोडगिरी नाका आणि जेरुसलेम

पुण्या-मुंबईच्या पोरांपेक्षा पिशोरच्या पोरांना वर्षात एक झेंडावंदन जास्त मिळतं. १७ सप्टेंबरचं, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं. कन्नडचा घाट उतरलं की लागणारं चाळीसगाव १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झालं. घाटावरचा कन्नड तालुका मात्र, पिशोरसकट, पुढचे तेरा महिने निजामाच्याच राज्यात राहिला. घाटाखाली एक राज्य, वर दुसरं. पण ते वरचं खरोखर वेगळा 'देश' होतं का? पॅलेस्टाईनला इतर सरकारांनी देश मानावं की नाही, हा आज जगभर चाललेला वाद आपल्या घाटमाथ्यावर असा होऊन गेलाय.

देश कशाला म्हणायचं, याची सगळ्यांत नावाजलेली फूटपट्टी १९३३ साली उरुग्वेतल्या मोंटेव्हिडिओला ठरली. कायमची वस्ती, ठरलेला मुलूख, सरकार आणि इतर देशांशी व्यवहार करण्याची क्षमता. आता लावा ती निजामाच्या हैदराबादला. सुमारे ८२ हजार चौरस मैल मुलूख, दीड कोटीवर माणसं, स्वतःचा हाली सिक्का, टपाल, रेल्वे, फौज आणि मालावर जकात घेणारे करोडगिरीचे नाके. पहिल्या तीन अटी तर चालता चालता पुऱ्या! चौथीसाठी निजामाने थेट संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचं दार ठोठावलं. १६ सप्टेंबर १९४८ ला पॅरिसमध्ये परिषदेने त्याची भारताविरुद्धची तक्रार विषयपत्रिकेवर घेतली. भारतातर्फे रामस्वामी मुदलियार यांचा मुद्दा असा, की हैदराबाद हा देशच नाही, तर त्याला इथे तक्रारीचा हक्क कुठून आला? दुसऱ्याच दिवशी निजामाने भारतीय फौजेपुढे शस्त्रं खाली ठेवली.

आणि त्याच दिवशी, म्हणजे आपल्या मुक्तिदिनीच, तिकडे जेरुसलेममध्ये संयुक्त राष्ट्रांचे मध्यस्थ फोल्के बर्नाडोट यांना 'लेही' या ज्यू अतिरेकी गटाने गोळ्या घातल्या. अजून मागे जा. निजाम आणि भारत यांचा 'जैसे थे' करार झाला २९ नोव्हेंबर १९४७ ला. त्याच दिवशी आमसभेने पॅलेस्टाईनच्या फाळणीचा ठराव ३३ विरुद्ध १३ मतांनी मंजूर केला. विरोधातल्या तेरांत भारत होता. पुढे भारताने इस्रायलला मान्यता दिली तो दिवस कोणता? १७ सप्टेंबर १९५०. पंचांग बघून ठरवलं असतं तरी इतकं जुळलं नसतं.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की त्या आरशातल्यासारख्या उलट्या दिसतात. निजामाकडे ताबा होता, मान्यता नव्हती. पॅलेस्टाईनकडे दीडशेवर देशांची मान्यता आहे, पण ताबा नाही. मोंटेव्हिडिओच्या फूटपट्टीवर न मावणारी एक गोष्ट मात्र दोन्हीकडे मोलाची: तिथल्या माणसांना काय हवंय? इथे मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ भारतात सामील व्हा म्हणत होते आणि त्यासाठी निजामाच्या तुरुंगात होते. तिथे लोक स्वतःचा देश मागताहेत.

मान्यतेला विरोध करणारे म्हणतात, सीमा ठरलेल्या नाहीत, गाझा आणि वेस्ट बँक वेगवेगळ्या हातांत, आणि हमासला हे बक्षीस ठरेल. शेवटचा मुद्दा हलका नाही. हमासचा ७ ऑक्टोबर २०२३ चा हल्ला ज्यांच्या घरी घडला, त्यांना तो सांगायची गरज नाही. सीमेचा मुद्दा मात्र मला लंगडा वाटतो. १४ मे १९४८ ला इस्रायल जाहीर झाल्यावर अमेरिकेने अकरा मिनिटांत मान्यता दिली, तेव्हा त्याच्या तरी सीमा कुठे ठरल्या होत्या? आधी वाटाघाटी, मग मान्यता असं म्हणत बसलं तर वाटाघाटीला जमीन उरायला हवी ना! म्हणून १८ नोव्हेंबर १९८८ ला भारताने पॅलेस्टाईनला मान्यता दिली ते बरोबरच झालं, असं माझं मत. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि फ्रान्स तिथे पोचले सप्टेंबर २०२५ मध्ये.

मान्यता जो तो देश आपापली देतो. संयुक्त राष्ट्रांच्या पूर्ण सदस्यत्वाला मात्र सुरक्षा परिषदेची शिफारस लागते, आणि एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेने ती नकाराधिकाराने अडवली. त्यामुळे पॅलेस्टाईनची जागा आजही निरीक्षक देशाची. ती त्याला १३८ मतांनी मिळाली, भारताचं मत धरून. तारीख होती २९ नोव्हेंबर २०१२.