मोजमापाच्या फटीतून शिरणारी भुकटी

कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हैस गिऱ्हाइकासमोर पिळली जाते. फेसाळ, धारोष्ण दुधाचा ग्लास हातात आला की त्यात काय मिसळलं असेल ही शंका कुणाच्या मनाला शिवत नाही. आचळ आणि ग्लास यांच्यामध्ये शिरायला कुणाला जागाच नसते. पण कट्ट्यावर विकलं जाणारं दूध ते किती! जिल्ह्यातलं बाकीचं दूध गोठ्यातून गावच्या संस्थेत, तिथून टँकरने शीतकरण केंद्रात, मग डेअरीत आणि शेवटी पिशवीत असा प्रवास करतं. या वाटेवर दुधाची पारख डोळ्यांनी होत नाही, आकड्यांनी होते. फॅट किती लागली, एसएनएफ किती लागला, यावर शेतकऱ्याचं बिल ठरतं.

भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशातल्या १,१०३ लहान-मोठ्या शहरांतून दुधाचे ६,४३२ नमुने गोळा केले. पुढच्या वर्षी निष्कर्ष जाहीर झाले. भेसळीमुळे थेट असुरक्षित ठरलेले नमुने अवघे १२ निघाले. लोकांच्या मनात दुधाच्या भेसळीबद्दल जी भीती आहे, त्या मानाने हा आकडा दिलासा देणाराच होता. पण त्याच अहवालात आणखी एक नोंद होती. दीडशेहून अधिक नमुन्यांत माल्टोडेक्स्ट्रिन सापडलं होतं. विष नव्हे, रसायनही नव्हे, मक्यापासून बनणारी एक खाद्य भुकटी. चिप्सच्या मसाल्यात, सूपच्या पाकिटात, लहान मुलांच्या पेयाच्या डब्यात आणि जिममधल्या पावडरीत आपण ती खातच असतो. मग दुधात ती कशासाठी आली?

मक्यापासून भुकटीपर्यंत

स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या मण्यांची लांबलचक माळ. एकेका माळेत शेकडो, हजारो मणी. भाकरीचा घास बराच वेळ चावत राहिलं की गोडसर लागतो, कारण लाळेतलं अमायलेज नावाचं विकर ही माळ तोडायला लागतं. १८११ मध्ये सेंट पीटर्सबर्गमध्ये किर्चहॉफ या रसायनशास्त्रज्ञाने बटाट्याचा स्टार्च सौम्य गंधकाम्लात उकळून त्यापासून गोड पाक केला. नेपोलियनच्या युद्धांमुळे युरोपात उसाची साखर मिळेनाशी झाली होती, म्हणून या शोधाला मोठा भाव आला. १८३३ मध्ये पॅरिसमध्ये पायां आणि पर्सो यांनी मोड आलेल्या जवातून हेच काम करणारं विकर वेगळं केलं.

आजचा कारखाना या दोन शोधांवरच उभा आहे. आपल्याकडे धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचाला मक्यापासून स्टार्च काढणारा जुना कारखाना आहे. मका कोमट पाण्यात दीड-दोन दिवस भिजवतात, भरडतात, कोंब, साल आणि प्रथिनं बाजूला काढतात. उरतो तो स्टार्च. माल्टोडेक्स्ट्रिन हवं असेल तर त्याच्या खळीत उष्णता सोसणारं अमायलेज घालून माळा तोडायला सुरुवात करतात आणि काम अर्धवट असतानाच थांबवतात. मग हा पातळ द्रव गरम हवेच्या झोतात फवारला की पांढरी भुकटी खाली पडते. तोडकाम पुढे चालू ठेवलं असतं तर लिक्विड ग्लुकोज झालं असतं, अगदी शेवटपर्यंत नेलं असतं तर शुद्ध ग्लुकोज. माळ किती तुटली हे सांगणाऱ्या मापात स्टार्चला शून्य आणि ग्लुकोजला १०० गुण असतात. माल्टोडेक्स्ट्रिन वीसच्या आत राहतं.

या अर्धवटपणातच त्याचे सगळे गुण आहेत. स्टार्च थंड पाण्यात विरघळत नाही, तळाशी बसतो. हे सहज विरघळतं. साखर गोड लागते. हे जवळजवळ बेचव. लिंबाचा किंवा टोमॅटोचा रस नुसता वाळवला तर चिकट गोळा होतो, त्यात हे मिसळलं की मोकळी पूड पडते. मसाल्याचा अर्क, तेलकट सुगंध, चवीचे थेंब यांना धरून ठेवायला ते उपयोगी पडतं. शिवाय ते स्वस्त. एखाद्या पदार्थाला वजन आणि आकार हवा आहे, पण चव आणि रंग बदलायला नको, अशा वेळी उद्योगाला यापेक्षा सोयीचं काही नाही. भर घालण्यात वाईट काही असतंच असं नाही. आपल्या डब्यातला बांधानी हिंगही डिंक आणि पीठ घालूनच बनतो.

डिग्रीला फसवणारं दूध

आता दुधाकडे वळू. फॅट सोडून दुधात जे घन पदार्थ उरतात ते एसएनएफ. गायीच्या दुधात प्रथिनं सव्वातीन टक्क्यांच्या आसपास, दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज पावणेपाचच्या आसपास आणि थोडे क्षार. महाराष्ट्रात गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून सांगितला जातो, म्हशीचा ६.० आणि ९.० धरून. ८.५ एसएनएफच्या ४० लिटर दुधात ५ लिटर पाणी ओतलं तर एसएनएफ साडेसातच्या जवळ घसरतो आणि लॅक्टोमीटरची डिग्री लगेच चुगली करते.

पण लॅक्टोमीटरला प्रथिनं दिसत नाहीत. त्याला फक्त घनता कळते. डिग्री आणि फॅट हे दोन आकडे सूत्रात घालून एसएनएफ काढला जातो. पाण्यात काहीही विरघळवून घनता वाढवली की सूत्र त्याला दुधाचा घन पदार्थ समजतं. साखर घातली तर जिभेला कळेल, स्टार्च घातला तर गाळ दिसेल. माल्टोडेक्स्ट्रिन मात्र जिभेलाही कळत नाही आणि डोळ्यालाही. जे गुण कारखान्यात कामाला येतात, तेच इथे भेसळीला उपयोगी पडतात. पिणाऱ्याला त्यातून विषबाधा होणार नाही. पण आजारी माणसाला किंवा वाढत्या मुलाला ज्या प्रथिनांसाठी दूध पाजायचं, त्यांच्या जागी मक्याचं ग्लुकोज पोटात जातं. आणि प्रामाणिकपणे दूध घालणाऱ्या शेतकऱ्यालाही याची झळ बसते, कारण पाणी घातलेलं दूध त्याच्या दुधाच्या बरोबरीने मोजलं जातं.

मग ते पकडायचं कसं? प्रयोगशाळेत दूध गरम करून त्यात सायट्रिक आम्ल घालून फाडतात, चोथा गाळतात आणि खाली उतरलेल्या निवळीत आयोडीनचे दोन थेंब टाकतात. शुद्ध दुधाची निवळी फिकट पिवळी राहते. स्टार्च असेल तर ती निळी होते आणि माल्टोडेक्स्ट्रिन असेल तर तांबूस-चॉकलेटी. कारण असं की ग्लुकोजची लांब माळ पाण्यात मळसूत्रासारखी गुंडाळली जाते आणि आयोडीन त्या पोकळीत जाऊन बसतं. चाळीस-पन्नास मण्यांपेक्षा लांब माळ निळा रंग देते, वीस-तीस मण्यांची तांबूस आणि दहा-बाराच्या आतली रंगच देत नाही. म्हणूनच फार बारीक तोडलेली भुकटी आयोडीनच्या हातून निसटू शकते. अशा वेळी प्रकाशाच्या अवरक्त किरणांनी दुधातला प्रत्येक घटक वेगळा ओळखणारी यंत्रं वापरावी लागतात.

तालमीतला खुराक आणि जिमचा डबा

दुधात कायदा मोडून येणारी ही भुकटी दुसऱ्या ठिकाणी कायद्याने, छापील नावासह येते. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खासबाग मैदान उभं केलं, तेव्हापासून कोल्हापूर पैलवानांचं. मोतीबाग असो की गंगावेस तालीम, खुराक म्हणजे दूध, तूप आणि खलबत्त्यात किंवा कुंडीत घोटलेली बदामाची थंडाई. आता गल्लीगल्लीत जिम आहेत आणि जिमला जाणाऱ्या पोरांच्या हातात वजन वाढवणाऱ्या पावडरीचा मोठा डबा. पुढच्या बाजूला दंड फुगवलेला माणूस आणि प्रथिनांचा आकडा. डबा फिरवून घटकांची यादी वाचा. नियमाप्रमाणे जो घटक वजनाने सर्वांत जास्त, त्याचं नाव पहिलं लिहावं लागतं. अशा अनेक डब्यांवर पहिलं नाव माल्टोडेक्स्ट्रिनचं असतं. शंभर ग्रॅममागे ७० ते ८० ग्रॅम कर्बोदकं आणि प्रथिनं १५ ग्रॅमच्या आसपास, असं गणित नेहमी दिसतं.

या ७०-८० ग्रॅमचा अर्थ लक्षात घ्यायला हवा. मधुमेह आहे का हे पाहण्यासाठी, गरोदर बाईची तपासणी करण्यासाठी, डॉक्टर जे गोड पाणी पाजतात त्यात ७५ ग्रॅम ग्लुकोज असतं. शरीराला साखरेचा मुद्दाम दिलेला तो धक्का असतो. माल्टोडेक्स्ट्रिन लहान आतड्यात काही मिनिटांत तुटतं आणि ग्लुकोज म्हणूनच रक्तात शिरतं. रक्तातली साखर किती झपाट्याने चढते हे दाखवणाऱ्या ग्लायसेमिक इंडेक्समध्ये ग्लुकोज १०० वर आहे, आपली नेहमीची साखर ६५ च्या आसपास. माल्टोडेक्स्ट्रिन ग्लुकोजच्या शेजारी बसतं, म्हणजे साखरेच्याही वर. पहाटेपासून जोर-बैठका आणि लढतीने रिकामे झालेले पैलवानाचे स्नायू हे ग्लुकोज चटकन शोषून घेतील. अर्धा तास वजनं उचलून दिवसभर वर्गात बसणाऱ्या पोराच्या बाबतीत त्याचं काय होईल हे सांगायला नको. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या आहार मार्गदर्शनातही प्रथिनांच्या पावडरीपासून सावध राहायला सांगितलं आहे. केळी, दूध, भाकरी, फुटाणे यांतून तीच ऊर्जा मिळते, शिवाय चोथा आणि जीवनसत्त्वंही.

साखर नाही, तरी साखर

खरी गफलत पोषणाच्या तक्त्यात होते. तिथे कर्बोदकांखाली ‘साखर’ अशी ओळ असते. पण या ओळीत फक्त एका किंवा दोन मण्यांची साखर मोजली जाते: ग्लुकोज, फ्रुक्टोज, उसाची साखर, लॅक्टोज. माल्टोडेक्स्ट्रिनच्या बहुतेक माळा त्याहून लांब, म्हणून त्या ओळीत दिसत नाहीत. साखरेसमोर दोन-तीन ग्रॅम आणि कर्बोदकांसमोर सत्तर, असा तक्ता दिसला की मधला फरक कशाचा आहे हे घटकांच्या यादीत शोधावं. ओट्स किंवा डाळ असेल तर गोष्ट वेगळी, माल्टोडेक्स्ट्रिन असेल तर वेगळी. देशात २०२३ च्या आकडेवारीनुसार मधुमेहाचे रुग्ण १० कोटींच्या वर आहेत. त्यांच्यासाठी ही ओळ वाचणं म्हणजे चोखंदळपणा नव्हे, औषधपाण्याचाच भाग आहे. चहात साखरेऐवजी टाकायच्या गोड पुडीत ही भुकटी असते ती मात्र ग्रॅमभर. तेवढ्याने काही बिघडत नाही. चिप्सच्या मसाल्यातलीही चिमूटभरच, तिथे काळजी करायची तर तेलाची आणि मिठाची करावी. ‘रेझिस्टंट माल्टोडेक्स्ट्रिन’ या नावाचा घटक दिसला तर तो वेगळा. त्याचे जोड पचत नाहीत, तो चोथ्यासारखा वागतो.

आतड्यांबद्दल गेल्या काही वर्षांत नवे प्रश्न उभे राहिले आहेत. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं की क्रोन्स या आतड्याच्या आजाराशी जोडलेले ई. कोलाय जिवाणू माल्टोडेक्स्ट्रिन मिळालं की आतड्याच्या पेशींना जास्त घट्ट चिकटतात. रोमच्या संशोधकांनी २०१९ मध्ये उंदरांना पाण्यातून पाच टक्के माल्टोडेक्स्ट्रिन दिलं. आतड्याला आतून वाचवणारा बुळबुळीत थर त्यामुळे कमी झाला आणि ज्या उंदरांत मुद्दाम दाह निर्माण केला होता त्यांच्यात हा दाह आणखी वाढला. पण गोष्ट इतकी सरळ नाही. क्रोन्स झालेल्या मुलांना काही आठवडे फक्त द्रव आहारावर ठेवून आजार आटोक्यात आणतात आणि त्या आहारात अनेकदा माल्टोडेक्स्ट्रिनच असतं. पेशींवरचे आणि उंदरांवरचे प्रयोग माणसाच्या ताटाला जसेच्या तसे लागू होत नाहीत. आतड्याचा जुना दाह असणाऱ्यांनी डॉक्टरांशी बोलून ते कमी करावं, बाकीच्यांनी घाबरून जाऊ नये, एवढंच आज म्हणता येतं.

दवाखान्यात तर हे उपकारक ठरतं. नळीने अन्न द्यावं लागणाऱ्या रुग्णाला कमी घोटात पुष्कळ ऊर्जा हवी असते. तेवढंच ग्लुकोज दिलं तर द्रावणात कण फार होतात, आतडं पाणी ओढून घेतं आणि जुलाब होतात. लांब माळांमुळे माल्टोडेक्स्ट्रिनच्या द्रावणात कण कमी असतात. शस्त्रक्रियेच्या दोन तास आधी काही रुग्णांना याच कारणाने ते पाजतात, लांब पल्ल्याचे धावपटूही पितात. तिथे ऊर्जा हवी असते, ऊर्जाच मिळते. फसवणूक कुणाची होत नाही.

म्हणजे दोष भुकटीचा कमी, मापाचा जास्त. दुधात आपल्याला हवी असतात प्रथिनं, आणि आपण मोजतो घनता. पथ्यात आपल्याला टाळायचं असतं ग्लुकोज, आणि आपण वाचतो साखरेची ओळ. जे हवं आणि जे मोजतो, त्यांच्यात फट राहिली की कुणीतरी ती भरायला येतंच. चीनमध्ये दुधातली प्रथिनं थेट न मोजता नायट्रोजनवरून मोजत, तर तिथे नायट्रोजनने भरलेलं मेलामाइन मिसळलं गेलं. २००८ मध्ये सुमारे तीन लाख बालकं आजारी पडली, सहा दगावली. आपल्या फटीत सुदैवाने खाण्याजोगी भुकटी शिरली आहे. १९६३ मध्ये कोल्हापूर जिल्हा दूध संघ उभा राहिला त्या काळात गावच्या संस्थेकडे लॅक्टोमीटरला सोयीचा पर्याय नव्हता. आज प्रथिनं सरळ मोजणारी यंत्रं डेअऱ्यांकडे आहेत. गावच्या संस्थेतला दरही एसएनएफऐवजी प्रथिनांवर ठरू लागला, तर पाणी आणि भुकटी घालण्यातला नफाच संपेल. पाकिटाच्या बाबतीत तेवढी वाट पाहण्याची गरज नाही. साखरेच्या ओळीऐवजी कर्बोदकांची ओळ आणि घटकांची पहिली तीन नावं वाचायची सवय दुकानात उभ्या उभ्याही लावता येते.