सोलापूरची कडक भाकरी

पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर असा फेरा करणारे पाहुणे सोलापुरात मुक्काम टाकतात आणि त्यांच्यातली तरुण मंडळी हमखास विचारतात, ‘इथं चांगलं इटालियन कुठं मिळेल?’ पिझ्झा-पास्ता मिळतो की! पण त्यासाठी सोलापूर कशाला गाठायचं? उलट बड्या इटालियन हॉटेलात जेवणाआधी कधी कागदासारखी पातळ, कुरकुरीत रोटी पुढ्यात आली असेल, तर इथली कडक भाकरी चाखूनच जावं.

ती रोटी म्हणजे सार्डिनिया बेटावरची ‘पाने कारासाऊ’. मेंढ्यांमागे दिवसेंदिवस रानात राहणाऱ्यांची शिदोरी. रव्याची रोटी भट्टीत टम्म फुगली की तिचे दोन पापुद्रे सुटे करायचे आणि पुन्हा भाजायचे. ओल गेली की रोटी टिकते. मेंढपाळाच्या झोळीतली ही रोटी आता पांढऱ्याशुभ्र रुमालात येते आणि बिलही त्याच थाटाचं येतं.

कडक भाकरीचे मात्र असे दोन पापुद्रे सुटे करत नाहीत. ज्वारीत ग्लुटेन नसतं, पीठ ताणलं की तुटतं. म्हणून ते गरम पाण्यात भिजवायचं, तळहाताने चांगलं रगडायचं आणि थापायचं. तेही रोजच्या भाकरीपेक्षा पातळ आणि कडेपासून मधोमध सारखं. तव्यावर टाकली की पाण्याचा हात फिरवून उलटायची. इथवर सगळं नेहमीचं. पुढे मात्र सुगरणीला आपली सवय मोडावी लागते, कारण ही भाकरी फुगू द्यायची नसते. मंद आचेवर फडक्याने दाबत, फिरवत ती वाळवायची. घाई केली तर कड करपते आणि मध्ये ओल राहते; मग डब्यात बुरशी ठरलेली. नीट जमली तर महिनाभर हूं की चूं करत नाही. बाजरीचीही करतात, वर तीळ लावून.

अर्थात निम्मं श्रेय जमिनीचं. मंगळवेढ्याच्या काळ्या, खोल रानात रब्बीची ज्वारी जमिनीत मुरलेल्या ओलीवर वाढते. या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. राज्यभर पेरलं जाणारं ‘मालदांडी 35-1’ हे वाणही याच जिल्ह्यातलं, मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेलं. इटालियन हॉटेलवाला ऑलिव्हचं तेल कुठल्या डोंगरावरचं हे अभिमानाने सांगतो. आपल्याकडे भाकरी कुठल्या रानातली, हे विचारायची पद्धतच नाही.

खायची रीत सोपी. भाकरी मोडून आमटीत चुरायची, नाहीतर तुकड्यावर दही आणि शेंगाची चटणी घ्यायची. चटणी मात्र उखळात कुटलेली हवी. दाणे, लसूण, तिखट, जिरं, मीठ यांना तेल सुटेपर्यंत कुटलं की ती मऊ, किंचित चिकट होते. मिक्सरचा भुगा म्हणजे चटणी नव्हे. मटण खाणाऱ्यांनी सावजी खानावळीत रश्श्याबरोबर कडक भाकरी मागावी. गंमत म्हणजे सार्डिनियातही त्या रोटीवर गरम रस्सा ओतून, टोमॅटो, चीज आणि अंडं घालून खातात. कोरड्या भाकरीला पातळ कालवण हवंच, हे दोन्हीकडच्या गरिबांना आपापलं कळलं होतं.

1877 साली इथे पहिली कापड गिरणी उभी राहिली आणि सोलापूर गिरणगाव झालं. पुढे गिरण्या बंद पडल्या. गिरण्यांच्या या शहरात आज बचत गटांतल्या बायका कडक भाकऱ्यांच्या चळती बांधून विकतात. त्या भाकऱ्या पुण्या-मुंबईला जातात, पाहुण्यांच्या पिशवीतून परदेशातही पोहोचतात. शहरातल्या झगमगीत हॉटेलांच्या मेन्यूत मात्र पहिली पानं पनीरची आणि नूडल्सची. ही आपल्या हॉटेलवाल्यांची चूक आहे, असं माझं स्पष्ट मत. मंगळवेढ्याच्या ज्वारीचं नाव छापून, ताज्या लोण्यासोबत कडक भाकरी सगळ्यात आधी मांडा आणि दामही चोख लावा. भाकरी बडवणाऱ्या हाताला त्यातला वाटा द्या म्हणजे झालं.

पाहुण्यांनो, घेताना चळतीतली मधली भाकरी मोडून पाहा. कट्‌कन तुटली तरच घ्या, लवली तर पुढचं दुकान गाठा. आणि घरी नेल्यावर फ्रीजमध्ये ठेवू नका. कोरडा, घट्ट झाकणाचा डबा पुरे.