सर्दी-पडसे आणि ‘एक सुई’

थंडी सुरू झाली की दवाखान्यात एक वाक्य हमखास ऐकू येते, “डॉक्टरसाहेब, एक सुई मारा, परवा तुळजापूरला जायचंय.” नाक गळत असते, घसा खवखवत असतो, अंग मोडून आलेले असते. सुई नाही म्हटले की रोगी नाराज होऊन दुसरा दवाखाना गाठतो. खरे सांगायचे तर सुरुवातीच्या काळात रोगी जाऊ नये म्हणून मीही काही सुया मारल्या आहेत.

पडसे विषाणूंमुळे होते आणि असे विषाणू २०० हून अधिक आहेत. अँटिबायोटिक जीवाणूंवर चालते, विषाणूंवर नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्रास सर्वांत जास्त होतो, ७ ते १० दिवसांत तो उतरतो. खोकला मात्र २-३ आठवडे रेंगाळू शकतो. शेंबूड पिवळा-हिरवट झाला म्हणून घाबरू नये, त्यात पू झालेला नसतो.

मोठ्या माणसाने विश्रांती घ्यावी, मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या कराव्यात, ताप असल्यास पॅरासिटामॉल घ्यावे. हुलग्याचे गरम माडगे जरूर प्यावे. त्याने विषाणू मरत नाहीत, पण घसा शेकतो आणि पोटात काही तरी जाते. वाफेने बरे वाटते, मात्र उकळत्या पाण्याच्या पातेल्याजवळ लेकराला बसवू नये. भाजण्याचे दुखणे पडशापेक्षा फार वाईट.

मला खरी काळजी लहान मुलांची वाटते. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात साध्या खोकल्या-तापासाठी दिलेल्या सिरपने मूत्रपिंडे निकामी होऊन २० हून अधिक बालके दगावली. त्यांतील अनेकांवर नागपुरात उपचार झाले होते. सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष निघाले. सिरप शुद्ध असले तरी २ वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याचे औषध देऊ नये आणि ५ वर्षांपर्यंतही शक्यतो टाळावे, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने त्याच वर्षी कळवले. मागच्या खेपेची उरलेली बाटली तर मुळीच वापरू नये.

आपल्याकडे न्हाऊ घालताना बाळाच्या नाकात तेल सोडतात आणि मग ओव्याची धुरी देतात. आजीबाईंनी रागावू नये, पण ते तेल फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो आणि धुराने श्वासनलिका आणखी चिडते. त्याऐवजी औषध दुकानात मिळणारे मिठाच्या पाण्याचे थेंब नाकात घालावेत आणि अंगावरचे दूध थोडे थोडे, वरचेवर पाजावे. वर्षावरील मुलाला खोकल्यासाठी चमचाभर मध चालतो. वर्षाखाली मध चाटवू नये.

मूल शांत असताना त्याचे पोट उघडे करून पूर्ण १ मिनिट श्वास मोजावेत. २ महिन्यांखालील बाळाचे ६० किंवा अधिक, वर्षाच्या आतील बाळाचे ५० किंवा अधिक, १ ते ५ वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक भरले, बरगड्यांखाली खळगा पडू लागला, किंवा बाळ पिईना, तर ते पडसे राहिलेले नाही. अशा वेळी सकाळची एसटी येण्याची वाट पाहू नये, रात्रीच १०८ ला फोन करून रुग्णालय गाठावे.