शरदांतील परदेशची दौड : कोणती निवडावी ?

आमच्या अक्कलकुव्याकडे लांबचा पल्ला पायीं तोडणें ही नवलाची गोष्ट नव्हे. काठीच्या होळीसाठीं सातपुड्याच्या पाड्यांतून माणसें रात्रीच्या रात्र चालत येतात. परंतु पदरचे पैसे मोडून, समुद्र ओलांडून, बेचाळीस किलोमीटर धांवावयास परदेशीं जाणें हें अद्याप पुष्कळ घरांत विक्षिप्तपणाचें लक्षण समजलें जातें. माझा एक माजी विद्यार्थी, जो आतां स्वतः शिक्षक आहे, तोच प्रश्न घेऊन मजकडे आला होता. पैसा साठला आहे तो एकाच दौडीपुरता, आणि रजाही पुन्हां मिळण्याची आशा नाहीं. तेव्हां बर्लिन, शिकागो, न्यूयॉर्क कीं अथेन्स ? मी धांवपटू नव्हे. पण भूगोल आणि अंकगणित हे विषय मी आयुष्यभर शिकविले, आणि या प्रश्नाचा बराचसा भाग त्या दोहोंतच मोडतो.

ही परंपरा आपल्याला अगदींच परकी आहे असें मात्र कोणीं समजूं नये. १९१९ सालीं पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या सामन्यांत अनवाणी धांवणारे शेतकरी पाहून सर दोराबजी टाटा थक्क झाले, आणि त्यांच्याच पुढाकारानें १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला हिंदी खेळाडू गेले. त्यांपैकीं बेळगांवचे फडेप्पा दरेप्पा चौगुले यांनीं मॅरेथॉन २ तास ५० मिनिटांच्या थोड्या वर वेळांत पुरी करून १९ वा क्रमांक मिळविला. त्या वर्षीं अंतरही नेहमींपेक्षां अधिक, म्हणजे ४२.७५ किलोमीटर होतें. आजचें ४२.१९५ किलोमीटर हें माप पुढल्याच वर्षीं कायम झालें. पुढें आपल्या शेजारच्याच नाशिक जिल्ह्यांतील कविता राऊत २०१६ सालीं रिओच्या ऑलिंपिक मॅरेथॉनमध्यें धांवल्या.

आतां शरदऋतूच कां ? धांवतांना शरीर स्वतःच भट्टीसारखें तापतें, आणि ती उष्णता बाहेर टाकावयास थंड हवा लागते. हवा दहा अंशांच्या आसपास असली म्हणजे लांब पल्ल्यास उत्तम. पण शरदही कधीं दगा देतो. २००७ च्या ऑक्टोबरांत शिकागोला पारा तीस अंशांच्या वर गेला आणि चालू शर्यत मध्येंच थांबवावी लागली. २०१२ सालीं न्यूयॉर्कची दौड वादळामुळें रद्दच झाली. म्हणून एखाद्या गांवाची हवा सर्वसाधारणपणें कशी असते एवढेंच पाहावें. खात्री कोणी देत नाहीं. (सिडनीची दौड ऑगस्टअखेर असते, तेथें तेव्हां हिवाळा सरत असतो, म्हणून ती येथें सोडून देतों.)

परंतु माझ्या मतें तिकडच्या हवेपेक्षां आपल्याकडची हवा अधिक महत्त्वाची आहे, आणि नेमका हाच विचार कोणी करीत नाहीं. तयारीस सोळा ते अठरा आठवडे लागतात. त्यांतील सर्वांत कठीण आठवडे दौडीपूर्वीं तीन ते सात आठवडे येतात. शेवटचे तीन आठवडे अंग हलकें ठेवावयाचें असतें. आतां पंचांग उघडा. बर्लिनची दौड सामान्यतः सप्टेंबरच्या अखेरच्या रविवारीं. म्हणजे लांब पल्ल्याचा सराव ऑगस्टांत, भर पावसांत येतो. चिखल आहे, बूट वाळत नाहींत, पण ऊन्ह नाहीं. शिकागो ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारीं, तेंही चालण्यासारखें. न्यूयॉर्क नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारीं, आणि अथेन्स सामान्यतः दुसऱ्या. या दोहोंचा कठीण सराव सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्य असा येतो, आणि खानदेशांतील ऑक्टोबरचें ऊन्ह काय असतें तें मीं सांगावयास नको. पहाटे चारला निघून सूर्य वर येण्याच्या आंत परतणें हाच एक उपाय. रविवारचा लांब पल्ला मोलगीकडे डोंगरावर घेतल्यास हवा थोडी बरी मिळते.

मोलगीच्या घाटावरून रस्त्याचा प्रश्न निघतो. बर्लिनचा रस्ता जवळजवळ सपाट आहे. पुरुषांचे आणि स्त्रियांचे जागतिक विक्रम तेथें अनेकदां झाले. शिकागोही तसेंच सपाट. २०२३ सालीं केल्विन किप्टम यांनीं २ तास ० मिनिटें ३५ सेकंद अशी वेळ दिली ती तेथेंच. न्यूयॉर्कला पांच पूल चढावे लागतात. अथेन्सला मॅरेथॉन गांवाहून निघून राजधानींत यावयाचें असतें, आणि साधारण दहाव्या किलोमीटरपासून एकतिसाव्यापर्यंत चढच चढ लागतो. ज्याला स्वतःची वेळ कमी करावयाची आहे त्यानें बर्लिनचा रस्ता धरावा, यांत वाद नाहीं. पण जो घाटांतच धांवावयास शिकला, आणि ज्याला वेळेपेक्षां दौड पुरी करण्याची ओढ आहे, त्याला चढाचें भय कशाला ? अथेन्सची मुदत आठ तासांची आहे, बर्लिनची सव्वासहा. आणि शेवट १८९६ च्या ऑलिंपिकमध्यें स्पिरिडॉन लुई ज्या संगमरवरी क्रीडांगणांत पोहोंचला, त्याच क्रीडांगणांत होतो. इतिहासाच्या शिक्षकाला याहून अधिक काय हवें !

घड्याळाचें गणित सोपें आहे. सप्टेंबरांत बर्लिन आपल्या साडेतीन तास मागें असतें, आणि नोव्हेंबरांत अथेन्सही तितकेंच. ऑक्टोबरांत शिकागो साडेदहा तास मागें, म्हणजे तेथें दिवस तेव्हां येथें रात्र. एक तासाच्या फरकास एक दिवस असा ढोबळ हिशेब धरतात. यावरून अमेरिकेला जाणारानें किती आधीं पोहोंचावें, आणि तितक्या दिवसांचा मुक्कामखर्च किती, हें काढतां येईल. मर्यादित रजेच्या माणसास हा आंकडा जड आहे.

आतां प्रवेश. बर्लिन, शिकागो आणि न्यूयॉर्क येथें अर्ज इतके येतात कीं बहुतेकांसाठीं चिठ्ठ्या काढतात. नाहीं तर ठरलेल्या वेगाचा दाखला द्यावा, किंवा धर्मादाय संस्थेसाठीं मोठी रक्कम गोळा करावी. अथेन्सला चिठ्ठी नाहीं. जागा भरेपर्यंत नांव नोंदवितां येतें. एकदांच जाणाराला ही गोष्ट मोलाची आहे. युरोपचा व्हिसा प्रवासापूर्वीं सहा महिने मागतां येतो; तो हातीं येण्यापूर्वीं परत न होणारें विमानतिकीट काढूं नये. उताविळीनें काढलेल्या तिकिटांचे पैसे बुडतात.

राहिला घरचा प्रश्न, आणि तोच त्याच्या आईनें प्रथम काढला. २०२६ सालीं नोव्हेंबरचा दुसरा रविवार ८ तारखेस येतो, आणि लक्ष्मीपूजन त्याच दिवशीं ! २०२७ सालीं मात्र लक्ष्मीपूजन २९ ऑक्टोबरला होऊन जातें, आणि नोव्हेंबरचा दुसरा रविवार १४ तारखेस पडतो. म्हणून मीं त्यास अथेन्स सांगितलें, तेंही २०२७ चें. दिवाळी घरीं होते, पारपत्रास आणि पैशास एक वर्ष अधिक मिळतें, आणि मधल्या हिवाळ्यांत मुंबईस एकदां पुरें अंतर धांवून पाहतां येतें. ही शेवटची पायरी गाळूं नये. पहिलीच मॅरेथॉन परदेशीं धांवणें म्हणजे पोहावयास शिकण्यासाठीं थेट नर्मदेच्या पुरांत उतरणें होय.

आणि एक बारीक सूचना. दौडीचे बूट नवे नसावेत, आणि ते विमानांत स्वतःजवळच्या पिशवींत ठेवावेत. अथेन्सला धांवणारांस पहाटे बसगाड्यांनीं मॅरेथॉन गांवीं नेतात. तेथें उघड्यावर बराच वेळ ताटकळावें लागतें. त्यासाठीं घरांतील सर्वांत जुना स्वेटर बरोबर घ्यावा, म्हणजे तो निघतांना टाकून देतांना जीव हळहळणार नाहीं.