संमेलनाची ओढ आणि शहागडची वाट

साहित्य संमेलनाचें स्थळ व तारखा जाहीर झाल्या कीं गांवोगांवच्या लिहित्या मंडळींत चुळबूळ सुरू होते. कोणी रजेचा अर्ज लिहितो, कोणी गाड्यांच्या वेळा पाहतो, आणि बहुतेक जण खिशाचा अंदाज घेऊन अखेरीस घरींच राहतात. या चुळबुळीकडे पाहून व्यवहारी लोक हंसतात. घरीं बसून कविता होत नाहीं काय, त्यासाठीं शंभर कोस जाऊन मांडवांत जेवावयास कशाला पाहिजे, असा त्यांचा प्रश्न असतो. प्रश्न वरवर पाहतां सयुक्तिक दिसतो. म्हणूनच त्याचें उत्तर देणें आम्हांस अवश्य वाटतें. लेखकाची संमेलनाची ओढ ही हौस आहे कीं गरज, हा आजच्या लेखाचा पहिला मुद्दा. आणि ती गरज ठरल्यास ती भागविण्याची जबाबदारी कोणाची, हा दुसरा.

उदाहरणासाठीं आम्ही शहागड हें गांव मुद्दाम घेतों. जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यांतील हें गोदाकांठचें गांव. धुळें-सोलापूर महामार्ग येथें पुलावरून गोदावरी ओलांडतो व बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यांत उतरतो. रात्रंदिवस मोटारी धांवतात. हंगामांत ऊंस, कापूस, मोसंबी यांची ने-आण चालते. नदीच्या वरच्या अंगास नाथांचें पैठण, खालच्या अंगास जनाबाईचें गंगाखेड, आणि याच जिल्ह्यांत समर्थांचें जन्मगांव जांब. मराठी वाणीच्या अशा कुलभूमींत वसलेल्या या गांवांतून मालाला चारी दिशांस वाट आहे. लिहिलेल्या शब्दाला मात्र ती सांपडत नाहीं.

समजा, अशा गांवीं एक शाळामास्तर कथा लिहितो, आडत दुकानांतील एक मुनीम गझल लिहितो, आणि एक गृहिणी रात्रीं भांडीं आवरल्यावर वही घेऊन बसते. या तिघांपाशीं कागद आहे, लेखणी आहे, सांगण्यासारखें तर पुष्कळच आहे. उणीव आहे ती जाणत्या ऐकणाराची. घरचे लोक कौतुक करतात किंवा कंटाळतात. दोहोंपैकीं कशानेंहि लिहिणें सुधारत नाहीं. आमच्या व्यापारी वाचकांस ही अडचण समजावून सांगण्याची गरज नाहीं. वखारींत पडलेल्या मालाचा कस कळत नाहीं. तो बाजारांत आणावा लागतो, पारख्याच्या हातीं द्यावा लागतो, आणि शेजारच्या ढिगाशीं तो ताडून पाहावा लागतो. लेखकास संमेलन हवें असतें तें यासाठीं.

हा अनुभव नवा नाहीं. गंगाखेडची जनाबाई पंढरपुरास नामदेवांच्या घरीं राबत होती, असें परंपरा सांगते. दळण-कांडण करणाऱ्या हजारों बायका त्या काळीं ओव्या गात असतील. पण जनाबाईची वाणी टिकली, कारण ज्या घरीं ती राबत होती तेथें संतांचा मेळा जमत होता आणि दासीचा शब्दहि ऐकून घेण्याची त्या मेळ्याची रीत होती. गुण जनाबाईचा खराच. पण तो जगापुढें येण्यास मेळा लागला.

आधुनिक काळांतील दाखला याहून स्पष्ट आहे. १९०७ सालीं जळगांव येथें महाराष्ट्र कविसंमेलन भरलें. डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर हे अध्यक्ष होते. तेथें खानदेशांतील धरणगांवीं जन्मलेल्या, सतरा वर्षेंहि पुरीं न झालेल्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे नांवाच्या मुलानें आपली कविता म्हटली. सभा चकित झाली, आणि ‘बालकवि’ हें नांव त्यास तेथेंच मिळालें. पण आमच्या मतें पदवीपेक्षां मोठा लाभ दुसराच झाला. रेव्हरंड नारायण वामन टिळक त्या संमेलनास आले होते. त्या ओळखींतून या मुलास पुढें अहमदनगरास टिळकांचें घर मिळालें, लक्ष्मीबाईंची माया मिळाली, आणि कवितेवर रोज बोलणारीं माणसें मिळालीं. बालकवि १९१८ सालीं रेल्वेच्या अपघातांत गेले. अवघ्या अठ्ठावीस वर्षांच्या आयुष्यांत त्यांनीं जें दिलें, तें मराठी भाषा अजून जपून आहे. येथें विचार करण्यासारखी गोष्ट ही कीं, संमेलन त्या मुलाच्या जिल्ह्यांत आलें होतें. तेंच दूर बडोद्यास किंवा मुंबईस भरलें असतें, तर खानदेशांतील त्या पोरास तेथें कोणीं नेलें असतें?

आतां मराठवाड्याकडे वळूं. १८७८ सालीं माधवराव रानडे व लोकहितवादी यांच्या पुढाकारानें पुण्यास पहिलें ग्रंथकार संमेलन भरलें, तेव्हां आमचा हा मुलूख निजामाच्या अमलाखालीं होता. दरबारची भाषा पुढें उर्दू झाली. १९१८ सालीं निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचें माध्यमहि उर्दूच. गश्ती निशाण ५३ या कुप्रसिद्ध हुकुमानें सभा भरविण्यास सरकारची आगाऊ परवानगी लागे. अशा स्थितींतहि १९३१ सालीं ज्ञानकोशकार डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या अध्यक्षतेखालीं हैदराबादेस मराठी साहित्य संमेलन भरलें. आणि १९३७ सालीं, आज जालना जिल्ह्यांत असलेल्या परतूर येथें, गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखालीं महाराष्ट्र परिषदेचें पहिलें अधिवेशन झालें. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामी राजवट शरण आली, तेव्हां कोठें चार माणसांनीं एकत्र बसून आपल्या भाषेंत मोकळेपणीं बोलण्याचा हक्क या प्रांतास पुरतेपणीं मिळाला. ज्या हक्कासाठीं आमच्या वडीलधाऱ्यांनीं तुरुंग पाहिले, तो बजावण्याची इच्छा एखाद्या मास्तरास झाली तर तिला हौस म्हणून हिणवणें आम्हांस शोभत नाहीं.

संमेलनें मराठवाड्यांत आलींच नाहींत, असेंहि नाहीं. औरंगाबादेस १९५७ सालीं, अंबाजोगाईस १९८३ सालीं, नांदेडास १९८५ सालीं, परभणीस १९९५ सालीं, परळीस १९९८ सालीं आणि उदगीरास २०२२ सालीं हा सोहळा झाला. परभणीच्या अध्यक्षपदीं नारायण सुर्वे होते; पदपथावरचें अनाथपण आणि गिरणीची मजुरी पाहिलेला कवि त्या आसनावर बसला, ही गोष्ट सर्व मराठी समाजास भूषणावह आहे. परंतु मांडव जवळ आल्यानें दार उघडतेंच असें नाहीं. १८८५ च्या दुसऱ्या ग्रंथकार संमेलनाचें बोलावणें जोतीराव फुले यांनीं पत्र पाठवून नाकारलें. ज्या सभांत शूद्रादि-अतिशूद्रांच्या हक्कांचा विचार नाहीं, त्यांत आमच्या लोकांनीं मिसळून काय साधणार, असा त्या पत्राचा आशय होता. त्या प्रश्नाचें उत्तर न मिळालेल्यांनीं पुढें आपले मांडव आपण उभारले. १९५८ सालीं मुंबईस पहिलें दलित साहित्य संमेलन भरलें व त्याचें उद्घाटन अण्णा भाऊ साठे यांनीं केलें. स्त्रियांची गोष्ट याहून निराळी नाहीं. १८७८ पासून २०२५ पर्यंत ९८ संमेलनें झालीं. त्यांत अध्यक्षपदीं बसलेल्या स्त्रिया अवघ्या सहा. पहिल्या कुसुमावती देशपांडे, त्याहि १९६१ सालीं ग्वाल्हेरास; सहाव्या तारा भवाळकर, २०२५ सालीं दिल्लीस.

न्यायाच्या कामांत एक मूळ नियम आहे: ज्याचें म्हणणें ऐकून घेतलें नाहीं, त्याच्याविरुद्ध निकाल देऊं नये. शहागडच्या त्या गृहिणीच्या वहीविरुद्ध मात्र न ऐकतांच निकाल लागलेला असतो. मार्च २०२३ पासून एस. टी. च्या गाड्यांत स्त्रियांस निम्में भाडें पडतें. म्हणजे वाटखर्चाची सबब अर्धी तरी गेली. पण तीन दिवस घर कोणीं सांभाळावें, रात्रीं मुक्काम कोठें करावा, आणि ‘तेथें तुझें काय काम?’ या प्रश्नास काय उत्तर द्यावें, या अडचणी कोणत्याहि तिकिटानें सुटत नाहींत. मुनिमाची अडचण वेगळी. त्याची तीन दिवसांची गैरहजेरी म्हणजे तीन दिवसांचा पगार, आणि तोहि ऐन हंगामांत.

यावर घेतले जाणारे आक्षेप आम्हांस ठाऊक आहेत. पहिला असा कीं, लेखन हें एकांतांत होतें. हें खरें, पण एकांत आणि एकटेपणा या दोन वस्तु आहेत. एकांत लेखक स्वतः शोधतो. एकटेपणा त्याच्यावर लादला जातो. दुसरा आक्षेप असा कीं, आतां प्रत्येकाच्या हातीं मोबाइल आहे, मग प्रवास कशाला? मोबाइलवर कवितेस शंभर आंगठे मिळतात. पण दुसऱ्या कडव्यांतील अमुक शब्द खोटा आहे, तो काढ, असें समोर बसून सांगणारा त्या शंभरांत क्वचितच भेटतो. तिसरा आक्षेप असा कीं, संमेलनें म्हणजे भाषणें, भोजनें आणि भांडणें. यांत तथ्य आहे आणि तें आम्ही नाकारीत नाहीं. पुढाऱ्यांच्या स्वागतांत सकाळ जाते, सत्कारांत दुपार जाते, आणि दूरून आलेल्या कवीस कविकट्ट्यावर दोन-चार मिनिटें मिळतात. पण बाजारांत वजनमापाची लबाडी चालते म्हणून कोणी बाजार बंद करा असें म्हणत नाहीं. मापें नीट करा असें म्हणतो. संमेलनासहि हाच न्याय लागू आहे.

तेव्हां संमेलनाची ओढ ही गरज आहे, असा आमचा निर्णय आहे. ती भागविण्यासाठीं तीन सूचना आम्ही करतों.

पहिली सूचना संमेलनाच्या चालकांस. शासनाचें अनुदान एके काळीं ५० लाख रुपये होतें, तें पुढें २ कोटींवर नेण्यांत आलें. हा पैसा करदात्यांचा आहे, आणि त्यांत शहागडच्या दुकानदाराचाहि वांटा आहे. त्यांतील ठराविक हिस्सा लहान गांवांतील नव्या लेखकांच्या प्रवासासाठीं व मुक्कामासाठीं राखून ठेवावा; आणि एक पुरी दुपार अशी द्यावी कीं, जींत अनुभवी लेखक नवोदितांचीं हस्तलिखितें पुढ्यांत घेऊन बसतील व शेरा मारून परत देतील. एक सत्कार कमी झाला तर भाषेचें कांहींएक बिघडणार नाहीं.

दुसरी सूचना बाजारपेठेस. ‘जालना सोन्याचा पाळणा’ असें लोक म्हणतात. बी-बियाणें आणि लोखंडी सळ्या यांच्या व्यापारानें या जिल्ह्याचें नांव देशभर गेलें आहे. अंबड, शहागड, गेवराई येथील व्यापाऱ्यांनीं मिळून दरवर्षीं पांच लिहित्या माणसांचा जाण्यायेण्याचा खर्च व बुडालेली मजुरी उचलावी. निवड देणगीदारानें करूं नये; ती गांवच्या ग्रंथालयानें लिखाण पाहून करावी. पांचांत दोन स्त्रिया असाव्यात आणि एक जण तरी हातावर पोट असलेला असावा. जाऊन आलेल्यांनीं काय ऐकलें व काय शिकलों, तें ग्रंथालयांत जाहीरपणें सांगावें; म्हणजे एकाच्या प्रवासाचा लाभ पन्नासांस होईल. आणि दुकानांतला मुनीम गझल लिहीत असेल, तर त्यास तीन दिवसांची भरपगारी रजा देण्यास कोणत्याहि अनुदानाची वाट पाहावी लागत नाहीं.

तिसरी व आमच्या मतें सर्वांत महत्त्वाची सूचना खुद्द लिहित्या मंडळींस. मोठ्या संमेलनाचें बोलावणें येईपर्यंत थांबूं नका. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळें गांवोगांवच्या वाचनालयांस अनुदान मिळूं लागलें. तेथें बसावयास एक सतरंजी पुरे. गोदावरीच्या दोन्ही कांठांवरील लेखकांनीं वर्षांतून एक दिवस शहागडीं जमावें. प्रमुख पाहुणा नको, हारतुरे नकोत. सकाळीं प्रत्येकानें आपलें लिखाण वाचावें, दुपारीं इतरांनीं त्यावर स्पष्ट बोलावें, आणि दिवेलागणीपूर्वीं स्त्रियांस घरीं पोंचतां येईल अशा वेळीं सभा संपवावी. जात, पक्ष, पगार, पदवी यांपैकीं कशाचीहि चौकशी दारांत होऊं नये. अशा बैठका दहा ठिकाणीं सुरू झाल्या, तर मोठ्या संमेलनास जाणारा माणूस तेथें केवळ गर्दी वाढविण्यास जाणार नाहीं. आपल्या गांवची बाजू मांडण्यास जाईल.

३ ऑक्टोबर २०२४ रोजीं केंद्र सरकारनें मराठीस अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय केला, याचा आनंद सर्वांबरोबर आम्हांसहि आहे. त्या दर्जास लागणारा प्राचीनतेचा पुरावा शोधतांना सातवाहनांच्या पैठणापर्यंत जावें लागलें, आणि तें पैठण शहागडच्याच नदीवर आहे. दोन हजार वर्षांपूर्वीं या कांठावर काय लिहिलें गेलें याचा अभिमान धरणाऱ्या समाजानें, आज रात्रीं त्याच कांठावर काय लिहिलें जात आहे याचीहि विचारपूस करावी. व्यापारी बंधूंस आमची विनंति आहे कीं, या वर्षाचे हिशेब बंद करण्यापूर्वीं त्यांनीं धर्मादायाच्या पानावर एक नवी रक्कम टाकावी, आणि ती कोणाच्या प्रवासासाठीं खर्चावयाची तें गांवच्या ग्रंथपालास विचारावें.